कागद कोणासाठी जपायचा?

(पनागर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'अभिलेखशास्त्र आणि समाजाच्या दीर्घकालीन माहितीच्या गरजा' असा छापला आहे. ती वाचून एका ट्रॅकमन मित्राने मला विचारले, "भाऊ, हे जेवणाआधी ठेवलंय की जेवणानंतर?" जेवणानंतर ठेवले आहे. तेव्हा तुम्हाला झोप येऊ न देण्याची जबाबदारी माझी.

मी विद्वान नाही, आर.एम.एस.मध्ये सॉर्टिंग केलेला माणूस आहे. म्हणून विषयाची व्याख्या करण्याऐवजी एक हकीकत सांगतो.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे आजोबा स्वातंत्र्यापूर्वी भंडारा जिल्ह्यातून इकडे आले आणि याच पनागरच्या बाजूला लाइनीवर गँगमध्ये लागले. वडीलही रेल्वेतच होते, आता ते नाहीत. मुलाला जातीचा दाखला हवा होता. मध्य प्रदेशात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब या राज्यात राहत होते याचा पुरावा मागतात. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश त्या तारखेचा आहे, म्हणून ही तारीख. शेतकरी असेल तर तो पटवाऱ्याकडचा जुना खसरा दाखवतो. घरमालक असेल तर कराची पावती दाखवतो. पण ज्याने सारी हयात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली, ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही आणि जो शाळेची पायरी कधी चढला नाही, त्याच्या नातवाने काय दाखवावे?

यात आणखी एक गंमत आहे. १९५० साली भंडारा आणि जबलपूर हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशातच होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण भोपाळकडे आलो. म्हणजे आजोबा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेच नव्हते. ते जागेवर बसून राहिले आणि सीमा त्यांच्या अंगावरून निघून गेली. पण नातवाला मात्र आज दोन राज्यांतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

आजोबांचा एक कागद नक्की होता, तो म्हणजे सर्व्हिस शीट. तिचे पहिले पान तुम्हा सर्वांना माहीत आहे. नाव, बापाचे नाव, जात, मूळ गाव, जन्मतारीख, उंची, अंगावरची खूण आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. नातवाला जे जे सिद्ध करायचे होते ते सारे त्या एका पानावर होते. त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आले की मुदत संपल्यामुळे रेकॉर्ड नष्ट करण्यात आले आहे.

पोरगा चिडला. म्हणाला, बाबू लोक खोटे बोलतात. मी त्याला म्हटले, या वेळी बाबू बहुधा खरे बोलतो आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांच्या परिशिष्टात पेन्शनपात्र नोकराचे सर्व्हिस बुक अंतिम पेन्शन आदेशानंतर तीन वर्षे ठेवावे असे सांगितले आहे. रेल्वेचे याबाबतचे नियम स्वतःचे आहेत, पण धाटणी तीच. कार्यालयाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. त्या कागदाला कार्यालय एकच प्रश्न विचारते : या माणसाला पेन्शन किती? उत्तर मिळाले की कार्यालयाला त्या कागदाची गरज उरत नाही. नातवाचा प्रश्न मात्र त्यानंतर पन्नास वर्षांनी जन्माला येतो. या दोन प्रश्नांमध्ये पन्नास वर्षांची जी दरी आहे, तीच माझ्या आजच्या भाषणाचा विषय.

पुढे काय झाले ते ऐका. घरात आजीची लोखंडी पेटी होती. तिच्यात जी.आय.पी. रेल्वेची १९४८ सालची भविष्यनिर्वाह निधीची स्लिप सापडली. इंग्रजीत नाव, हुद्दा, ठिकाण. आजीला अक्षरओळख नव्हती, मग तिने ती स्लिप का जपली? कारण स्लिपच्या मागे कोऱ्या बाजूवर कोणाकडून तरी उसनवारीचा हिशेब लिहून घेतला होता. पैसे कोणाला किती दिले आणि किती परत आले, याचा. आता पाहा. रेल्वेने तो कागद निधीचा हिशेब देण्यासाठी काढला. आजीने तो उसने पैसे बुडू नयेत म्हणून ठेवला. नातवाला तो वास्तव्याचा पुरावा म्हणून लागला. कागद एक, गरजा तीन, आणि शेवटची गरज पहिल्या दोघांच्या स्वप्नातही नव्हती.

थिओडोर शेलेनबर्ग नावाच्या अमेरिकन अभिलेखपालाने १९५६ साली आपल्या ग्रंथात हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. कागदाला एक प्राथमिक मूल्य असते, ज्याने तो निर्माण केला त्याच्या कामाचे. दुसरे दुय्यम मूल्य, इतरांच्या कामाचे, आणि ते पहिले संपल्यावरही शिल्लक राहते. म्हणून काय ठेवायचे आणि काय फाडायचे हे निव्वळ कार्यालयाच्या सोयीवर सोडू नये, जाणत्या माणसाने पारखून ठरवावे, असे त्याचे म्हणणे. त्याच्याआधी, १९२२ साली, इंग्लंडच्या हिलरी जेन्किन्सनने वेगळा विचार मांडला होता. तो म्हणे, निवडानिवड करणे हे अभिलेखपालाचे काम नव्हे. त्याने फक्त राखण करावी, कागदात आपली आवडनिवड मिसळली की कागदाची साक्ष बिघडते. पंडितांचा हा वाद अजून चालू आहे. मला विचाराल तर निवडीच्या बाबतीत मी शेलेनबर्गच्या बाजूचा, राखणीच्या बाबतीत जेन्किन्सनच्या. असे का, ते पुढे येईलच.

आधी एक मूळ तत्त्व सांगतो, कारण सॉर्टिंगवाल्याला ते चटकन समजते. आपण सॉर्टिंग केससमोर उभे राहतो तेव्हा पत्र कुठे जायचे ते पाहून खणात टाकतो. ते आले कुठून याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. अभिलेखागारात याच्या नेमके उलट आहे. तिथे कागद लावायचा तो आला कुठून यावर. ज्या कचेरीने, ज्या शाखेने, ज्या कुटुंबाने तो निर्माण केला, त्यांच्याच गठ्ठ्यात आणि त्यांच्याच मूळ क्रमाने. विषयवार वेगळे काढायचे नाही. फ्रान्समध्ये १८४१ पासून हे तत्त्व चालत आले आणि १८९८ साली तीन डच अभिलेखपालांनी त्याचे पुस्तक केले. योगायोग असा की त्याच १८९८ साली आपल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. डच मंडळी सरकारी दप्तरखान्यात बसून विचार करत होती, तर राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतले कागद मिळवत होते.

या तत्त्वाचा आपल्याला उपयोग काय? सांगतो. हीच आपली लाइन घ्या. अलाहाबादहून जबलपूरपर्यंतचा हा फाटा १८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वेने सुरू केला. मुंबईकडून येणारी जी.आय.पी. ७ मार्च १८७० रोजी जबलपूरला त्याला मिळाली. पुढे हा फाटा जी.आय.पी.कडे आला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे झाली, १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वे. रूळ तेच, गिट्टी तीच, पण मालक बदलत गेला आणि प्रत्येक बदलाच्या वेळी दप्तर हलले. म्हणून पणजोबाचा कागद शोधायचा असेल तर 'पनागरचा कागद' म्हणून शोधून भागत नाही. त्या साली त्यांना पगार कोण देत होते, हे आधी ठरवावे लागते. राज्याच्या दप्तराचेही तसेच. १९५६ च्या आधी या भागाचा कारभार नागपूरहून चालत होता, तेव्हा जुना धागा नागपूरकडे जातो, भोपाळकडे नव्हे.

त्या तरुणालाही शेवटी तिकडेच जावे लागले. आजोबांच्या मूळ गावच्या कोतवाल पुस्तकात जन्माची नोंद निघाली, जातीसकट. कोतवाल पुस्तक ठेवणाऱ्याच्या मनात जातीचा दाखला नव्हता. गावात कोण जन्मले, कोण मेले एवढेच त्याला वर कळवायचे होते. आज विदर्भात जातपडताळणीसाठी लोक त्याच पुस्तकांच्या नकला काढतात. मराठवाड्यात तर हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी महसूल, शाळा, कारागृहे अशा नाना खात्यांची जुनी रजिस्टरे उघडली गेली. कित्येक नोंदी मोडीत. मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथे बोलत नाही. मी एवढेच दाखवतो की लाखो लोकांचा आजचा हक्क शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या बोरूवर येऊन ठेपला. आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी इनाम कमिशन बसवले, १८५२ साली त्याला कायद्याचे बळ दिले आणि इनामदारांना सांगितले, सनद दाखवा. ज्याच्या घरी कागद होता त्याची जमीन टिकली. पुण्याचे पेशवे दप्तर लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते याच भानगडीत, इतिहासाच्या प्रेमाने नव्हे.

आता आपल्या स्वतःच्या चळवळीकडे येतो. कॅज्युअल लेबरचा प्रश्न तुमच्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. प्रोजेक्टवर वर्षानुवर्षे राबायचे, काम संपले की घरी जायचे, पुन्हा बोलावले की यायचे. १८ एप्रिल १९८५ रोजी इंद्रपाल यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि सलग ३६० दिवस भरलेल्या प्रोजेक्टवरच्या कॅज्युअल मजुरांना टप्प्याटप्प्याने टेंपररी समजण्याची योजना मान्य झाली. मग प्रश्न उरला १ जानेवारी १९८१ च्या आधी कामावरून कमी केलेल्यांचा. त्यांना ३१ मार्च १९८७ पर्यंत पुराव्यासह अर्ज करण्याची संधी मिळाली. पुरावा म्हणजे काय? कॅज्युअल लेबर कार्ड. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, इन्स्पेक्टरची सही, मजुराचा अंगठा. ज्याचे कार्ड छपराच्या वाशात खोचलेले सापडले, तो अर्ज करू शकला. ज्याचे कार्ड एका पावसाळ्यात लगदा झाले, त्याचे दिवस भरलेच नाहीत. घाम दोघांनी सारखाच गाळला होता. आणि गोष्ट नोकरीपाशी थांबत नाही. टेंपररी स्टेटसनंतरची अर्धी सेवा पेन्शनला धरतात, म्हणजे त्या कार्डावरच्या एकेका ओळीवर पुढे विधवेची फॅमिली पेन्शन अवलंबून राहिली.

या वेळी एक वाईट गोष्टही घडली, ती लपवण्यात अर्थ नाही. खोटी कार्डे आली. मग कार्यालय म्हणू लागले, कार्ड आमच्या एल.टी.आय. रजिस्टरशी, पेड व्हाउचरशी जुळले तरच खरे. या मागणीत तथ्य होते. अडचण एवढीच की पुष्कळ ठिकाणी रजिस्टरच राहिले नव्हते.

माझ्या ओळखीच्या एका साथीची गोष्ट सांगतो; कार्यालयाचे नाव घेत नाही. कार्यालय दुसऱ्या इमारतीत जाताना जुनी मस्टर रद्दीच्या ढिगात टाकली गेली. हा बहाद्दर त्यातली काही मस्टर सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन गेला आणि दहा वर्षे जिवापाड जपली. वेळ आली तेव्हा छाती पुढे काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी शांतपणे विचारले, "हे दहा वर्षे तुमच्या घरी होते, यात मागाहून काही लिहिले नाही कशावरून?" त्याच्यापाशी उत्तर नव्हते. एका अक्षराचाही फरक त्याने केला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण जेन्किन्सन म्हणतो ते इथे लागू पडते : कागदाची साक्ष त्याच्या अखंड ताब्यावर उभी असते. ज्या हातात तो जन्मला त्या हातातून योग्य हातात, मध्ये खंड न पडता. खंड पडला की खरा कागदही संशयित होतो. त्या साथीला मी चूक म्हणणार नाही. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. पण युनियनने धरावा असा हा मार्ग नव्हे.

मग मार्ग कोणता? दोन आहेत. पहिला, सरकारी कागद सरकारी ताब्यातच टिकावा म्हणून भांडणे. यासाठी कायदा आहे, १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम. तो केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे, म्हणजे रेल्वेलाही आणि टपालालाही. प्रत्येक कार्यालयाने रेकॉर्ड ऑफिसर नेमला पाहिजे. ठरलेल्या रीतीशिवाय कोणताही अभिलेख नष्ट करता येत नाही, आणि १८९२ च्या आधीचा तर तो वापरण्यापलीकडे गेलेला असल्याशिवाय मुळीच नाही. मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या मागणीपत्रांत बोनस असतो, क्वार्टर असतात, ड्युटीचे तास असतात. आपल्या कार्यालयाचा रेकॉर्ड ऑफिसर कोण, गेल्या पाच वर्षांत काय काय नष्ट केले त्याची यादी द्या, अशी मागणी मी आजवर एकाही मागणीपत्रात पाहिलेली नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले चौथे कलम तर रेकॉर्ड सूचीसह नीट लावून ठेवण्याची सक्तीच करते. आणि 'फाइल सापडत नाही' एवढे उत्तर पुरेसे नाही. जी माहिती एके काळी कार्यालयात होती ती सापडत नसेल तर चौकशी करून जबाबदारी ठरवली पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. हे लक्षात ठेवा.

याच मार्गातली सोपी गोष्ट म्हणजे आपली प्रत वेळेवर घेणे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २००५ च्या आणि पुढे २०१७ च्याही, सर्व्हिस बुक दोन प्रतींत ठेवावे आणि दुसरी प्रत नोकराला द्यावी असे आहे. दर जानेवारीत ती कार्यालयाकडे द्यायची, नोंदी करून तीस दिवसांत परत घ्यायची. टपालातल्या किती जणांकडे ती प्रत आहे? हात मोजत बसत नाही, तुमचे चेहरेच सांगत आहेत. रेल्वेवाल्यांचे रेकॉर्ड आता एच.आर.एम.एस.वर चढले आहे. मोबाइलवर पगाराची स्लिप सगळे पाहतात. आपल्या बापाचे नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी तिथे बरोबर आहे का, हे किती जण पाहतात? स्कॅन करणाऱ्याने चुकीचे पान लावले असेल तर ती चूक आता पिवळी पडून विरणार नाही, ती कायम चकचकीत राहील.

दुसरा मार्ग माझ्या मते अधिक महत्त्वाचा : आपले स्वतःचे कागद निर्माण करणे आणि आपल्या ताब्यात अखंड ठेवणे. याचे कारण जबलपूरच्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात स्लीमन साहेबाने इथे बसून ठगांचा बीमोड केला. माफीच्या साक्षीदारांच्या शेकडो जबान्या घेतल्या, वंशावळी काढल्या. ते दप्तर आज दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि जगभरचे अभ्यासक ते वाचतात. पण त्यात ठग म्हणून पकडलेला माणूस बोलतो तो साहेबाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. त्याला न विचारलेले काही सांगायचे होते का, हे कळायला मार्ग नाही. आता आपली फाइल आठवा. कार्यालयाच्या फाइलमध्ये कामगार कधी येतो? नेमणूक झाली तेव्हा, चार्जशीट मिळाली तेव्हा आणि सेटलमेंटच्या वेळी. मधली तीस वर्षे तो हजर होता एवढेच दिसते. ८ मे १९७४ चा संप घ्या. सरकारी फाइलीत बडतर्फीचे आदेश मिळतील. लोक संपावर का गेले, क्वार्टरमधून सामान बाहेर फेकले तेव्हा शेजाऱ्यांनी काय केले, हे मिळेल ते युनियनच्या हँडबिलात, शाखेच्या मिनिट बुकात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतले गेले, तो दिवस तरी किती शाखांच्या मिनिट बुकात सापडतो? नारायण मल्हार जोशींचे कागद दिल्लीला तीन मूर्तीच्या संग्रहालयात सुखरूप आहेत. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून भारतीय कामगारांचे अभिलेखागार उभे राहिले आहे. ही चांगली कामे आहेत. पण पनागरच्या गँगची हजेरी त्यांनी शोधत यावी अशी अपेक्षा करू नये. ते काम शाखेचे.

टपालातले माझे बंधू म्हणतील, आमच्याकडे कसले कागद? खेड्यातल्या ग्रामीण डाक सेवकाचे उदाहरण घ्या. ब्रँच ऑफिस त्याच्याच घरात. माणूस बदलला की जर्नल, एरर बुक, चार्ज रिपोर्ट यांचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. बदली म्हणून काम केलेल्याचा तर चार्ज रिपोर्टशिवाय मागमूस राहत नाही. १९८० साली आर.टी.पी.ची योजना आली, १९८६ साली बंद झाली. त्या पोरांनी तासाच्या मजुरीवर पोस्ट आणि आर.एम.एस. चालवले. ती सेवा धरा ही मागणी कोर्टात टिकली नाही. ठीक आहे, हरलो. पण कोणी किती तास काम केले याची आपली स्वतःची एक वही असती, तर निदान काय हरलो ते तरी आज नेमके सांगता आले असते.

ऑस्ट्रेलियात नव्वदीच्या दशकात फ्रँक अपवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचार मांडला. पूर्वी समजूत अशी की कागदाचे आयुष्य असते : आधी चालू, मग जुना, मग कपाटात, शेवटी भट्टीत किंवा अभिलेखागारात. ते म्हणाले, असे टप्पे नसतातच. कागद लिहिला त्याच क्षणी तो कारकुनाचाही असतो, नातवाचाही आणि इतिहासकाराचाही. म्हणून पुढच्याची काळजी लिहितानाच घ्यायची. आपल्यापुरता याचा अर्थ अगदी साधा आहे. मिनिट बुकात 'पाटील बोलले' असे लिहू नका. पाटील शंभर आहेत. पूर्ण नाव, हुद्दा, ठिकाण, तारीख लिहा. फोटो काढला की मागे पेन्सिलने डावीकडून उजवीकडे नावे लिहा. व्हॉट्सअॅपवर आलेले परिपत्रक कागदावर काढून क्रमांक घालून फाइलला लावा. फोन बदलला की ते गेले. निवृत्त मंडळींची आठवण ध्वनिमुद्रित करा आणि सुरुवातीलाच कोण, कुठे, कोणत्या दिवशी बोलत आहे ते बोलून घ्या.

जपण्याबद्दल थोडके. कागदाला लॅमिनेशन करू नका, हात जोडून सांगतो. लोक प्रेमाने करतात आणि त्या उष्णतेत आणि चिकट थरात कागद कायमचा कोंडला जातो. पुन्हा मोकळा करता येत नाही, ठसा खरा की छापलेला हे तपासता येत नाही. सेलोटेप नको, रबरबँड नको, गंजलेल्या टाचण्या काढून टाका. जुने लोक दप्तर सुती रुमालात बांधत आणि आत वेखंडाची पुरचुंडी ठेवत, ते शहाणे होते. पेटी जमिनीवर नको, ओल्या भिंतीला टेकून नको. आणि प्रती दोन ठिकाणी हव्यात. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप जबलपूर-पनागरकरांना आठवून द्यायला नको. तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळालेली माणसे या सभागृहात बसलेली आहेत.

एक काळजी मात्र घ्या. शाखेच्या पेटीत लोकांचे खाजगी कागद येतील. कोणाची चार्जशीट, कोणाचा आजार, कोणाची जात, कोणाच्या दोन बायकांच्या नॉमिनेशनचे भांडण. कोणते कागद कोणाला दाखवायचे, किती वर्षे बंद ठेवायचे, हे शाखेच्या सभेत ठराव करून आधीच लिहून ठेवा. किल्ल्या दोन, दोन माणसांकडे, आणि ती दोघे एकाच गटाची नसावीत. हसू नका, अनुभवाने सांगतो.

चहा तयार असल्याची खूण झाली आहे, तेव्हा त्या तरुणाचे राहिलेले सांगून टाकतो. कोतवाल पुस्तकातले नाव आणि स्लिपवरचे इंग्रजी स्पेलिंग जुळत नाही, म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागले. अर्जाला त्याने स्लिपची झेरॉक्स जोडली, मागच्या बाजूचीसुद्धा. बाबूने विचारले, "यह उधारी का हिसाब काहे लगाया?" पोराने बोट ठेवून दाखवले. उसन्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते, दिवाळी १९५०, पनागरच्या बाजारात तीन रुपये परत. बाबूने चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली आणि अर्ज ठेवून घेतला. निकाल अजून आलेला नाही.